खेळ घडविणारी माणसे

(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी कित्येकांस आश्चर्य वाटले असेल. ज्याने अडतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून पाढे, शुद्धलेखन आणि भूगोल शिकविला, ज्याची स्वतःची मजल मॅट्रिकच्या पलीकडे गेली नाही, अशा कोल्हारच्या एका निवृत्त मास्तराने व्हिडिओ गेम करणाऱ्या कंपन्यांविषयी बोलावे, हे प्रथमदर्शनी विपरीतच दिसते. परंतु मनुष्य ज्या बाबतीत एकदा चुकला असेल, तिच्याविषयी दोन शब्द सांगणे हे त्याचे कर्तव्यच ठरते, आणि त्याच भावनेने मी आज आपणांपुढे बोलत आहे.

गोष्ट १९९८ सालची. आमच्या कोल्हारात प्रवरेच्या काठी भगवतीमातेचे देवालय आहे आणि तेथील यात्रेस दूरदूरची दुकाने येतात. त्या सुमारास या दुकानांतून हातात मावणारी एक खेळाची डबी विकावयास येऊ लागली होती. वरून एकामागून एक चौकोनी विटा पडतात आणि त्या नीट रचावयाच्या, असा तो खेळ. मुले तिला 'ब्रिक गेम' म्हणत. माझ्या सातवीच्या वर्गातील एका मुलास या डबीचे विलक्षण वेड लागले. एके दिवशी गणिताच्या तासाला तो मान खाली घालून काहीतरी करीत असलेला मला दिसला. जवळ जाऊन पाहतो तो डबी नव्हती. चौकटींची वही होती. तिच्या पानांवर एक ठेंगणा मनुष्य, एक विहीर, काही दगड अशी चित्रे काढलेली होती आणि त्यांच्या खाली आकडे लिहिले होते : तीन घरे वर, दोन घरे पुढे, पुन्हा तीन घरे खाली. 'हे काय रे?' असे मी दरडावून विचारले. 'गुरुजी, नवा गेम बनवतोय,' असे तो म्हणाला. साऱ्या वर्गात हशा पिकला. मी ती चार पाने टरकावली आणि त्यास तासभर बाकावर उभे केले.

हा प्रसंग मी पुढे पार विसरून गेलो. मास्तराच्या आयुष्यात अशी पाने पुष्कळ फाटतात! परंतु काही वर्षांपूर्वी यात्रेच्याच दिवसांत एक तिशी उलटलेला गृहस्थ माझ्या ओट्यावर आला, पाया पडला आणि पेढ्यांचा पुडा पुढे ठेवून बसला. तोच तो विद्यार्थी. पुण्यास खेळ तयार करणाऱ्या एका कंपनीत तो कामास होता. बोलता बोलता वहीचा विषय निघाला. मी काहीसा वरमलो. तो हसून म्हणाला, 'गुरुजी, पानं फाडली त्याचं काही नाही. तासाला दुसरं काही करत होतो, तेव्हा मार खायलाच पाहिजे होता. फक्त एवढंच वाटायचं, की फाडण्याआधी तुम्ही एकदा वाचायला पाहिजे होती.'

श्रोतेहो, हे वाक्य मला फार लागले. कारण त्या पानांवरील आकडे म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आलेखाच्या कागदावरील बिंदूंची स्थाने होती. आडवी घरे किती आणि उभी घरे किती, हे सांगून वस्तूची जागा निश्चित करावयाची, हा जो धडा मी पुढच्या महिन्यात मोठ्या प्रयासाने शिकविणार होतो, तो या पोराने शिकविल्यावाचून योजला होता. आणि मी तो टोपलीत टाकला होता!

त्या दिवशी त्याने मजसमोर आपला लॅपटॉप उघडला आणि खेळ कसा घडतो हे दाखविले. ते मला जसे समजले तसे आपणांस सांगतो.

पडद्यावरचे चित्र धावते असे आपणांस वाटते. वस्तुतः ते धावत नाही. चांगल्या खेळात एका सेकंदास साठ वेळा नवे चित्र काढले जाते. म्हणजे एका चित्रास मिळणारा अवधी किती? एक सेकंदाचा साठावा भाग. सुमारे सतरा सहस्रांश सेकंद. एवढ्या अवधीत यंत्राने काय काय करावयाचे? खेळणाऱ्याचा अंगठा कोठे टेकला आहे ते पाहावयाचे. त्यावरून गड्यास किती पुढे सरकवावयाचे ते ठरवावयाचे. तो उडी मारून वर गेला असेल तर त्याचा वेग दर वेळी किंचित कमी करीत त्यास खाली आणावयाचे, कारण गुरुत्वाकर्षण तेथेही सुटत नाही. तो भिंतीस अडला की शत्रूवर आदळला, हे तपासावयाचे. आणि मग डोंगर, झाडे, सावल्या यांसह सगळे चित्र पुन्हा पहिल्यापासून रंगवावयाचे. हे झाले न झाले तोच पुढचे चित्र दारात उभे! यात कोठे चूक झाली तर गडी भिंतीतून आरपार जातो, किंवा चित्र अडखळते आणि खेळणारा कंटाळून उठतो. मी मनात म्हटले, आम्ही शाळेत पाच उदाहरणांस एक तास देतो!

याहूनही अवघड प्रकार म्हणजे अनेकांनी मिळून दूरदूर बसून खेळावयाचा खेळ. आपण हुतूतूचा डाव आठवून पाहा. चढाई करणारा म्हणतो, 'मी शिवलो'. पलीकडचा म्हणतो, 'शिवला नाहीस.' तंटा मिटविण्यास पंच लागतो. आता कल्पना करा, की एक गडी कोल्हारात आहे, दुसरा नागपुरास, तिसरा गुवाहाटीस. आणि प्रत्येकाच्या हातातील फोनवर डावाचे चित्र किंचित निरनिराळे आहे, कारण बातमी पोहोचण्यास वेळ लागतो. अशा वेळी आधी कोण शिवला हे ठरविणारा पंच म्हणजे कंपनीचा सर्व्हर. हा पंच जर समुद्रापार बारा हजार किलोमीटर अंतरावर बसला असेल, तर काचेच्या तंतूंतून धावणाऱ्या प्रकाशासही जाऊन येऊन सुमारे एकशे वीस सहस्रांश सेकंद लागतात. कारण काचेतून तो एका सहस्रांश सेकंदात दोनशे किलोमीटरच जातो. तेवढ्यात पडद्यावरची सात चित्रे होऊन गेलेली असतात! खेळणारी मुले 'लॅग आला, लॅग आला' म्हणून ओरडतात ते याचसाठी. तेव्हा पंच जवळ हवा, आणि एका वेळी लाखो तंटे तोडणारा हवा.

हे सर्व ऐकल्यावर मला या धंद्याविषयी कुतूहल उत्पन्न झाले आणि मी त्यासंबंधी मिळेल ते वाचू लागलो. त्यात पुण्यातील एका कंपनीची हकीकत माझ्या मनात विशेष ठसली, कारण तिची सुरुवात माझ्याच धंद्यातून, म्हणजे मुलांस गणित शिकविण्यातून झालेली आहे.

रॉबी जॉन या गृहस्थांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात 'टॅपटुलर्न' या नावाने शैक्षणिक सॉफ्टवेअर तयार करण्यास आरंभ केला. स्पर्श केल्याने चालणारे फोन तेव्हा नुकतेच लोकांच्या हाती येऊ लागले होते. या मंडळींच्या एका रचनेचे नाव 'मॅथ व्हर्सेस झॉम्बीज' असे आहे. झॉम्बी म्हणजे रोगाने भारलेली, माणुसकी हरवलेली माणसे. ती झुंडीने चालून येतात आणि मुलाने बेरीज, वजाबाकी, गुणाकार सोडविला म्हणजे ती बरी होतात. पाहा, केवढी युक्ती आहे! आम्ही पाढे चुकणाऱ्यास छडी दाखवीत होतो. या मंडळींनी पाढे येणाऱ्याच्या हाती औषध दिले.

पुढे २०१९ साली रॉबी जॉन यांनी संकेत नधानी, क्रिस्टेल डिक्रूझ, नवनीत सिंग वराइच आणि श्रीजीत जे. या सहकाऱ्यांसह 'सुपरगेमिंग' ही कंपनी पुण्यास स्थापन केली. 'मास्कगन' हा नेमबाजीचा खेळ आणि 'सिली रॉयल' हा लपाछपी व ओळखाओळखीच्या वळणाचा खेळ, हे तिचे प्रसिद्ध खेळ. १९८० साली जपानात निघालेला 'पॅक-मॅन' हा खेळ आपणांपैकी काहींनी पाहिला असेल. पिवळा गोल तोंड उघडून ठिपके खात जातो तो. त्याची मालक असलेल्या बांदाई नाम्को कंपनीने फोनवरील त्या खेळाचा कारभार २०२१ साली या पुण्याच्या कंपनीकडे सोपविला. आणि १६ ऑक्टोबर २०२४ रोजी या कंपनीचा 'इंडस' हा मोठा खेळ सर्वांसाठी खुला झाला. तो येण्यापूर्वीच एक कोटीहून अधिक लोकांनी त्यासाठी नाव नोंदविले होते.

यातील एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. खेळ चालविण्यासाठी जो पंच लागतो असे मी मघा सांगितले, तो या मंडळींनी स्वतःच्या गरजेपोटी स्वतःच घडविला. खेळणाऱ्यांची नावे लक्षात ठेवणे, बरोबरीच्या गड्यांची जोडी लावणे, हिशेब राखणे, लबाडी पकडणे, या सर्व कामांच्या व्यवस्थेस त्यांनी 'सुपरप्लॅटफॉर्म' असे नाव दिले, आणि पुढे गूगल क्लाउडच्या सहकार्याने ती इतर खेळकर्त्यांसही वापरावयास देऊ केली. म्हणजे सॉफ्टवेअरमधून खेळ निघाला आणि खेळातून पुन्हा सॉफ्टवेअर निघाले.

आम्हां प्रवराकाठच्या लोकांस ही गोष्ट समजण्यास कठीण नाही. आमच्या शेजारी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५०-५१ साली त्याचे पहिले गाळप झाले. तत्पूर्वी येथील शेतकरी ऊस पिकवीत नव्हता काय? पिकवीतच होता. परंतु त्याचा गूळ बाजारात ज्या भावाने जाई त्या भावाने तो देई, किंवा ऊस दुसऱ्याच्या कारखान्यास घाली. भाव ठरविणे त्याच्या हाती नव्हते. ज्या दिवशी तो साखरेचा धनी झाला, त्या दिवशी त्याची स्थिती पालटली. पण त्याच दिवशी जोखीमही त्याच्या शिरावर आली. आपल्याकडील सॉफ्टवेअरच्या धंद्याचे असेच आहे. परदेशातील कंपनीने काम सांगावे, आपल्या मुलांनी ते रात्र जागून करून द्यावे आणि तासांप्रमाणे मोल घ्यावे, हा झाला ऊस. स्वतःच्या नावाची वस्तू घडवून ती जगाच्या बाजारात मांडणे, ही झाली साखर. व्हिडिओ गेम ही अशी साखर आहे. ती खपली तर घरोघरी जाते; न खपली तर तीन-चार वर्षांचे श्रम पाण्यात!

हा धोका काल्पनिक नाही. आपल्या राज्यातील या धंद्याच्या पूर्वसुरींत मुंबईच्या 'इंडियागेम्स' या कंपनीचे नाव घ्यावे लागते. विशाल गोंदल यांनी ती १९९९ साली काढली. त्या वेळी खेळ विकत घेणारे गिऱ्हाईक येथे नव्हते, म्हणून आरंभी मोठमोठ्या मालाच्या जाहिरातीसाठी लहान खेळ करून देणे हा तिचा व्यवसाय होता. पुढे साधे मोबाइल फोन आले आणि त्या इवल्याशा पडद्यावर मावणारे क्रिकेटचे व इतर खेळ तिने पुष्कळ केले. २००५ साली चीनमधील टॉम ऑनलाइन या कंपनीने तिचा मोठा हिस्सा घेतला, २००७ साली ती यूटीव्हीकडे गेली आणि अखेर यूटीव्हीबरोबर डिस्नेकडे गेली. आज त्या नावाचे खेळ बाजारात राहिलेले नाहीत. कंपनीची किंमत झाली, चालकांचे कर्तृत्व सिद्ध झाले. परंतु स्वतंत्रपणे उभे राहून टिकणे ही गोष्ट निराळी आणि अधिक अवघड, हा धडा त्यातून मिळतो.

मिळकतीचा मार्गही अरुंद आहे. फोनवरील बहुतेक खेळ फुकट असतात. शंभर जण खेळतात तेव्हा त्यांतील फार थोडे पैसे देऊन गड्याचा पोशाख किंवा हत्याराचा रंग विकत घेतात. उरलेल्यांपासून जाहिरातीचे काय मिळेल ते. आणि जे मिळते त्यातूनही फोनच्या दुकानदारास, म्हणजे गूगलला किंवा ॲपलला, तीस टक्क्यांपर्यंत वाटा द्यावा लागतो. हे सर्व ऐकून मला आमच्या आडत्याची आठवण झाली, ती मी येथे दडवून ठेवीत नाही!

आता एक शंका माझ्या मनात आली, आणि ती आपल्याही मनात आली असेल. ज्यांनी मुलांस गणित शिकविण्यापासून आरंभ केला, त्यांनी अखेर बंदुकीचा खेळ का करावा? 'इंडस' हा असाच खेळ आहे. विरलोक नावाच्या कल्पित बेटावर गडी उतरतात, हत्यारे शोधतात, परस्परांस टिपतात. जो शेवटपर्यंत उरतो तो जिंकतो, किंवा कॉस्मियम नावाचे मौल्यवान द्रव्य हस्तगत करणारा जिंकतो. खेळाचे नाव सिंधु नदीवरून घेतलेले आहे आणि त्यातील वेष, मुखवटे, वास्तू भारतीय वळणाच्या कल्पित भविष्यकाळातील आहेत. पण गाभा नेमबाजीचाच.

मी माझ्या विद्यार्थ्यास हे विचारले. तो म्हणाला, 'गुरुजी, आपली पोरं बाहेरचा पब्जी खेळतच होती ना?' हे खरे आहे. आमच्या गावचे तरुण देवळाच्या पायऱ्यांवर माना खाली घालून तोच खेळत बसलेले मी पाहिले आहेत. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ज्या ११८ ॲपवर बंदी घातली त्यांत तो खेळ होता, आणि त्या दिवशी गावात सुतक असल्यासारखी शांतता होती! खेळ बंद झाला तरी खेळण्याची हौस बंद होत नाही, एवढे तेव्हा दिसून आले. शिवाय शैक्षणिक साधनाचे दुर्दैव असे, की पाढे पाठ झाले म्हणजे ते बाजूला पडते. आम्हां मास्तरांचेही तसेच आहे. उलट खेळ पुन्हा पुन्हा खेळला जातो. तेव्हा धंद्याच्या दृष्टीने मला त्याचे म्हणणे पटले. बाप या नात्याने, आजोबा या नात्याने ते पूर्णपणे पटले असे मात्र मी म्हणणार नाही. कसब वाढले, आता त्या कसबाने कोणती कथा सांगावयाची, हा प्रश्न उरतोच.

त्या प्रश्नाचे एक उत्तर पुण्यातच दुसऱ्या एका लहानशा मंडळीने दिले आहे. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड यांच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या कंपनीने 'राजी' नावाचा खेळ घडविला. डोंबाऱ्यासारखे कसरतीचे खेळ करणारी राजी ही मुलगी; तिचा धाकटा भाऊ गोलू यास असुर पळवितात आणि ती दुर्गेच्या व विष्णूच्या कृपेने त्याच्या शोधास निघते. राजस्थानातील गड, जुन्या पहाडी चित्रशैलीचे रंग आणि कथेचा पूर्वभाग सांगण्यास बाहुल्यांच्या सावल्या, असा त्याचा थाट आहे. २०१७ साली या मंडळींनी जगातील खेळवेड्या लोकांकडून वर्गणी गोळा करण्याचा प्रयत्न केला. ठरविलेली रक्कम जमली नाही. इतरांनी तेथेच गाशा गुंडाळला असता. यांनी काम सोडले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये 'राजी' प्रथम जपानच्या निन्तेन्दो कंपनीच्या स्विच यंत्रावर आला, ऑक्टोबरात इतर यंत्रांवर आला, आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक पारितोषिकांत पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळासाठी त्यास नामांकन मिळाले.

बाहुल्यांच्या सावल्यांचे वाचून मला चटकन पिंगुळीची आठवण झाली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळील त्या गावी ठाकर मंडळींनी चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ आजवर जतन केला आहे, आणि तेथील परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली. आमच्या भारुडांत, दशावतारांत, गडकोटांच्या हकीकतींत किती खेळ दडले आहेत! एखाद्या मराठी मुलाने असा खेळ घडविला आणि त्यातील गडी मराठीत बोलला, तर तो खेळण्यास मी माझे थरथरते अंगठे निश्चित पुढे करीन.

हा सारा छंद कमी प्रतीचा आहे, सुशिक्षित घरांनी त्याकडे पाहू नये, असे म्हणणारे लोक आहेत. मीही त्यांतलाच होतो. अशांस मी एवढेच आठवण करून देतो, की नाटकाविषयी व पुढे सिनेमाविषयी आपल्याच घरांतून हेच म्हटले जात असे. १९२९ साली कोल्हापुरात 'प्रभात' कंपनी निघाली आणि १९३३ साली ती पुण्यास आली. तिच्या पाच संस्थापकांतील दामले व फत्तेलाल हे बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली घडलेले, रंग आणि यंत्र या दोहोंत हात बसलेले कारागीर. त्यांचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला, आणि ज्या घरांत सिनेमाचे नाव काढण्याची चोरी होती, त्या घरांतील आजीबाई तो पाहण्यास गेल्या. कला हलकी की भारी, हे तिच्या साधनावरून ठरत नाही. ती कोणाच्या हाती पडते यावरून ठरते.

परंतु एका बाबतीत मी सावधगिरीचाच पक्ष घेईन. खेळ आणि जुगार यांची गल्लत होता कामा नये. पैसे लावावयाचे आणि पैसे जिंकण्याची आशा धरावयाची, हा प्रकार खेळाचा पोशाख घालून आला तरी तो फडावरचा पत्ताच होय. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने यासंबंधी कायदा केला. त्यात ई-स्पोर्ट्स व करमणुकीचे खेळ एका बाजूस आणि पैशांचे खेळ दुसऱ्या बाजूस, असा स्पष्ट भेद केला असून पैशांच्या खेळांस मनाई केली आहे. त्यानंतर मुंबईच्या 'ड्रीम इलेव्हन'सारख्या मोठ्या कंपनीनेही आपल्या पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. खेळ घडविणाऱ्या कारागिरांच्या दृष्टीने ही गोष्ट हिताचीच झाली, असे माझे मत आहे. कारण जुगारामुळे साऱ्या धंद्यास जो डाग लागत होता तो वेगळा काढला गेला.

तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी काय करावे? मुलाच्या हातातील फोन हिसकावून घेणे सोपे आहे. ते मी अडतीस वर्षे केले आणि त्याने एकही मूल खेळावाचून राहिले नाही. त्यापेक्षा त्याच्याजवळ बसून तीन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न : हा खेळ कोठे संपतो? ज्या खेळाला शेवट नाही त्याला घरातील घड्याळाने शेवट घालावा लागतो, आणि तो आधी ठरवून घालावा. दुसरा प्रश्न : यात पैसे कोठे जातात? पोशाखाचे दहा रुपये असोत की शंभर, ते बापाच्या खात्यातून जातात हे मुलास कळले पाहिजे. आणि 'पैसे परत मिळतात' असे उत्तर आले, तर तो खेळ त्याच क्षणी बंद करावा. तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो : हा कसा केला असेल रे? गडी उडी मारून खाली का येतो? शत्रूला तू दिसलास हे त्याला कसे कळते? तूच हा खेळ करणारा असतास, तर काय बदलले असतेस?

या तिसऱ्या प्रश्नाने खेळणाऱ्या शंभर मुलांतील नव्याण्णव खांदे उडवून पुन्हा खेळू लागतील. पण एखादे मूल थांबेल. ते वही काढील आणि चौकटी आखू लागेल. पुण्यामुंबईच्या कंपन्यांत आज जे प्रोग्रॅमर, चित्रकार, संगीतकार आणि कथा लिहिणारे बसले आहेत, ते अशाच कोणत्या तरी घरातून, कोणत्या तरी शाळेतून तेथे गेले आहेत. गणित, चित्रकला, गायन आणि गोष्ट हे चार विषय आम्ही शाळेत चार निराळ्या तासांत शिकवितो. हा धंदा त्या चारांना एका पंगतीस बसवितो. मला तरी दुसरा असा धंदा एक सिनेमा वगळता आठवत नाही.

माझ्या विद्यार्थ्याने जाताना मला एक चौकटींची कोरी वही दिली. 'तुमच्या नातवाला द्या,' असे म्हणाला. मी ती दिली. त्याने तिच्यात काय काढले आहे हे मी पाहिले. मला त्यातील अर्धेअधिक समजले नाही. म्हणून त्याच्याच शेजारी बसून, प्रत्येक चौकटीवर बोट ठेवून, ते पुन्हा एकदा त्याच्याकडून समजावून घेतले. सत्तावीस वर्षांपूर्वी एका मुलासाठी जी दहा मिनिटे काढावयास हवी होती, ती आता दुसऱ्यासाठी काढली, एवढेच.

आपल्या घरातही अशी एखादी वही असेल. ती फाडण्याचा प्रसंग आला तर अवश्य फाडा. पण आधी वाचा. इतके सांगून मी आपली रजा घेतो.